सेंद्रिय रॅडिकलच्या स्फटिकाचा चुंबकीय आलेख: ६ केल्विनजवळचा उंचवटा नेमके काय सांगतो?

स्फटिकार्थी (प्रश्न)

नमस्कार. मी रसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी असून एका स्थिर रॅडिकलच्या स्फटिकांवर काम करतो आहे. रेणू नायट्रोनिल नायट्रॉक्साइड कुळातला आहे. त्यात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीही नाही. प्रत्येक रेणूवर एकच अयुग्मित इलेक्ट्रॉन असून तो मुख्यतः दोन नायट्रोजन-ऑक्सिजन गटांवर पसरलेला आहे. स्क्विड मॅग्नेटोमीटरवर (अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकावर) १००० ओर्स्टेड क्षेत्रात ३०० केल्विनपासून २ केल्विनपर्यंत चुंबकीय ग्राह्यता (ससेप्टिबिलिटी) मोजली, आणि आलेख हाती आल्यापासून माझा गोंधळ वाढतच चालला आहे.

पहिली अडचण अशी की, एका इलेक्ट्रॉनसाठी ग्राह्यता आणि तापमान यांचा गुणाकार ०.३७५ घन सेंटिमीटर केल्विन प्रति मोल असायला हवा आणि रेणूंमधील परस्परक्रिया क्षीण असल्यास जास्त तापमानाला तो तिथेच स्थिर राहायला हवा. माझ्याकडे तो १०० केल्विनला ०.३४ आहे आणि ३०० केल्विनपर्यंत जाताना वाढण्याऐवजी उतरत ०.३२ वर येतो. दुसरे म्हणजे ५० केल्विनच्या आसपास एक लहान टेकडी दिसते, जी एका कॅप्सूलच्या मोजणीत होती आणि दुसऱ्या कॅप्सूलच्या मोजणीत जवळपास नव्हती. तिसरे, ग्राह्यता ६ केल्विनला ०.०२३५ या कमालमूल्याला पोचते आणि तेथून सावकाश उतरत २ केल्विनला ०.०२० होते. अहवालात मी याला प्रतिलोहचुंबकीय (अँटिफेरोमॅग्नेटिक) संक्रमण म्हटले, तर मार्गदर्शकांनी समासात फक्त एक मोठे प्रश्नचिन्ह काढून तो परत केला.

शेवटचा मुद्दा गणनाचा आहे. खोलीच्या तापमानाला मिळालेल्या क्ष-किरण संरचनेवरून शेजारच्या दोन रेणूंमधील परस्परक्रिया डीएफटी (घनता फलन सिद्धांत) या संगणकीय पद्धतीने काढली, तर सिंगलेट (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे सूक्ष्म चुंबक, परस्परविरुद्ध) आणि ट्रिपलेट (स्पिन एकाच दिशेला) अवस्थांमधील ऊर्जेचा भेद, तापमानाच्या एककात, फक्त ४ केल्विन येतो, जो प्रयोगाशी जुळताना दिसत नाही. शिवाय, तापमान वाढले की चुंबकत्व घटते हा पाठ्यपुस्तकी नियम अशा आण्विक स्फटिकांना सरसकट लागू पडतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

हेलियमवाला

आपल्या पहिल्या दोन अडचणी स्फटिकाच्या नाहीत, मोजणीच्या आहेत. त्या आधी निकाली काढू, म्हणजे उरलेल्यांवर नीट बोलता येईल.

उतरणाऱ्या गुणाकाराबद्दल विचारायचे ते एवढेच, की आपण प्रतिचुंबकीय दुरुस्ती केली आहे का? आलेख पाहता केलेली दिसत नाही. प्रत्येक रेणूतील युग्मित इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला किंचित विरोध करतात, आणि हा ऋण हिस्सा तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. अयुग्मित इलेक्ट्रॉनचा धन हिस्सा मात्र क्यूरीच्या नियमाने तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून थंडीत जो ऋण हिस्सा नगण्य असतो तोच ३०० केल्विनला चांगलाच बोचतो. ढोबळ अंदाजासाठी रेणुभार निम्मा करून त्याला दशलक्षांशाने गुणतात. आपला रेणुभार ३०० च्या आसपास असावा असे धरले, तर दुरुस्ती ०.०००१५ येते. ३०० केल्विनला एका इलेक्ट्रॉनची ग्राह्यताच मुळी ०.००१२५ असते, म्हणजे आपण बारा टक्के संकेत गमावून बसला आहात. दुरुस्ती मिळवून पाहा: ३०० केल्विनचा गुणाकार ०.३२ वरून ०.३६५ होईल आणि १०० केल्विनचा ०.३४ वरून ०.३५५. उलटी दिसणारी चढण सुलटी झाली की नाही? नेमक्या मूल्यासाठी पास्कलचे स्थिरांक (प्रत्येक अणू व बंधाच्या प्रतिचुंबकीय हिश्श्याचे तक्त्यातले आकडे) वापरावेत, आणि रिकाम्या कॅप्सूलचा व स्ट्रॉचा हिस्सा स्वतंत्रपणे मोजून वजा करावा. लक्षात ठेवण्याजोगी खूण अशी, की गुणाकार जास्त तापमानाला सरळ रेषेत उतरत किंवा चढत असेल, तर रेणूवर संशय घेण्याआधी या दुरुस्तीवर घ्यावा.

५० केल्विनची टेकडी म्हणजे बहुधा आपल्या कॅप्सूलमध्ये अडकलेली हवा. ऑक्सिजनच्या रेणूवर दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. तो ५४ केल्विनच्या सुमारास गोठतो आणि ४४ केल्विनच्या सुमारास त्याची घन प्रावस्था पुन्हा बदलते, त्यामुळे या पट्ट्यात त्याची ग्राह्यता उड्या मारते. एका कॅप्सूलमध्ये दिसणे आणि दुसऱ्यात न दिसणे हाच त्याचा कबुलीजबाब आहे, कारण स्फटिकाचा गुणधर्म कॅप्सूल पाहून बदलत नाही. कॅप्सूलच्या टोपणाला बारीक सुईने एक छिद्र पाडा, नमुना यंत्रात उतरवण्यापूर्वी कक्ष तीन-चार वेळा निर्वात करून हेलियमने भरा, आणि हे सगळे खोलीच्या तापमानाला करा. थंड झाल्यावर हवा बाहेर काढायला गेलात तर ती भिंतींना चिकटून बसलेली असते. मी स्वतः या टेकडीला नवी प्रावस्था समजून एक आख्खा आठवडा घालवलेला आहे, तेव्हा संकोच करू नका.

आण्विक

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मी ६ केल्विनकडे वळतो, कारण खरा रस तिथे आहे.

आपल्या मार्गदर्शकांचे प्रश्नचिन्ह रास्त आहे. ग्राह्यतेचा गोलसर, पसरट उंचवटा म्हणजे संक्रमण नव्हे. स्पिन त्रिमितीय क्रमात बसतात तेव्हा आलेखात टोकदार मोड दिसतो, आणि त्याच तापमानाला विशिष्ट उष्णतेतही तीक्ष्ण शिखर उमटते. गोलसर उंचवटा फक्त एवढेच सांगतो की, उष्मीय ऊर्जा शेजारच्या स्पिनांमधील परस्परक्रियेएवढी खाली आल्यामुळे शेजारी-शेजारी विरुद्ध दिशांना वळू लागले आहेत. पण लांबवरच्या स्पिनांना एकमेकांचा पत्ता नाही. आणि हे स्पिन एका मितीत ओळीने मांडलेले असतील, तर शून्याच्या वरच्या कोणत्याही तापमानाला त्यांच्यात दीर्घ पल्ल्याचा क्रम येऊच शकत नाही. तो यायला साखळ्या-साखळ्यांमध्येही थोडी ओढ असावी लागते, आणि आला तरी तो बराच खाली, कदाचित २ केल्विनच्याही खाली येतो.

आता हे स्पिन जोड्यांनी बांधलेले आहेत की साखळीत? उंचवट्याच्या जागेवरून ते कळत नाही. जोडीत कमालमूल्य सिंगलेट-ट्रिपलेट भेदाच्या ०.६२ पट तापमानाला येते आणि साखळीत शेजाऱ्यांमधील तेवढ्याच भेदाच्या ०.६४ पट तापमानाला. हा फरक प्रयोगात हाती लागणारा नाही. दोन्ही प्रतिमानांत आपला भेद साधारण ९.५ केल्विन निघेल. उंचवट्याच्या उंचीत मात्र ठसठशीत फरक आहे. ६ केल्विनला शिखर असलेल्या जोडीसाठी कमालमूल्य ०.०३१ यायला हवे, साखळीसाठी ०.०२३५, आपला आकडा तंतोतंत साखळीचा आहे. दुसरा पुरावा शिखराच्या डावीकडे आहे. जोडीतील सिंगलेट अवस्था आणि वरची ट्रिपलेट अवस्था यांत दरी असल्यामुळे थंडीत ग्राह्यता झपाट्याने कोसळते आणि २ केल्विनला ती ०.००६ च्या घरात गेली असती. एकसारख्या साखळीत अशी दरी नसते, म्हणून तिची ग्राह्यता शून्य तापमानालाही कमालमूल्याच्या सुमारे ७० टक्के उरते. आपले ०.०२० हे साखळीच्या अपेक्षित मूल्याहून केसभर जास्त आहे. एखादा टक्का सदोष जागा किंवा साखळीची तुटकी टोके यांनी तो केसभर फरक भरून निघतो.

म्हणून अहवालात ‘संक्रमण’ हा शब्द खोडावा आणि ‘एकमितीय प्रतिलोहचुंबकीय परस्परक्रिया’ असे लिहावे. बॉनर-फिशर प्रतिमान (अशा एकसारख्या साखळीच्या ग्राह्यतेचे सूत्र) बसवून आकडा द्यावा.

गणनाच्या ४ केल्विनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपण एका तापमानाची संरचना घेऊन दुसऱ्या तापमानाचे चुंबकत्व समजावू पाहत आहात. आण्विक स्फटिकांत तापमान दोन कामे करते, आणि पाठ्यपुस्तके बहुतेक वेळा त्यातले एकच सांगतात. ते स्पिनांना हलवते, हे झाले एक. पण रेणूंना एकमेकांपासून दूर-जवळही करते. धातू किंवा ऑक्साइडमध्ये अणू भक्कम बंधांनी जखडलेले असल्यामुळे हे दुसरे काम दुर्लक्षून चालते. इथे रेणूंना धरून ठेवणारे बळ म्हणजे व्हॅन डर वाल्स आकर्षण आणि फार तर एखादा हायड्रोजन बंध, त्यामुळे ३०० केल्विनपासून द्रव हेलियमपर्यंत जाताना स्फटिकाचे आकारमान तीन-चार टक्क्यांनी सहज आक्रसते. इलेक्ट्रॉनमेघांचे परस्परांवरील आच्छादन अंतराबरोबर घातांकी वेगाने बदलते. त्यामुळे दोन ऑक्सिजनमधील अंतर एक दशांश अँगस्ट्रॉमने कमी झाले तरी परस्परक्रिया दुप्पट होणे नवलाचे नाही. सगळ्या दिशांना आकुंचन सारखे नसते, हे आणखी एक. निदान १०० केल्विनला संरचना पुन्हा घ्या आणि त्या संरचनेवर गणन करा.

हेच दुसरे काम टोकाला गेले की, तापमान वाढल्यावर चुंबकत्व घटते हा नियमही उलटा होतो. टीटीटीए या छोट्या सपाट रॅडिकलचे उदाहरण घ्या. त्यात कार्बनचे अणू दोनच आणि बाकी नायट्रोजन व गंधक, तेव्हा त्याला कार्बनी म्हणायचे की नाही यावर कुणी वाद घालू शकेल, पण धडा तोच आहे. हे रेणू स्तंभांत रचलेले असतात. जास्त तापमानाच्या प्रावस्थेत अंतरे सारखी असतात आणि स्फटिक समचुंबकीय (पॅरामॅग्नेटिक) असतो. थंड केल्यावर स्तंभातील रेणू दोन-दोन करून जवळ येतात, इलेक्ट्रॉन जोडीने बसतात आणि चुंबकत्व जवळपास नाहीसे होते. थंड करताना हा बदल २३० केल्विनच्या सुमारास होतो, पण उलट तापवताना तो ३०५ केल्विनपर्यंत लांबतो. म्हणजे मधल्या पाऊणशे अंशांच्या पट्ट्यात, ज्यात खोलीचे तापमानही येते, नमुना चुंबकीय आहे की नाही हे तो कोणत्या बाजूने तिथे पोचला यावर ठरते. फुजिता आणि आवागा यांनी १९९९ मध्ये हे प्रसिद्ध केले. हा थर्मामीटरचा दोष नव्हे. संपूर्ण जाळीची पुनर्रचना व्हायची असल्यामुळे दोन्ही प्रावस्थांमध्ये ऊर्जेचा बांध असतो आणि तो ओलांडेपर्यंत स्फटिक जुन्याच घरात राहतो.

गॅल्विनॉक्सिल हे दुसरे स्थिर रॅडिकल तर आणखी गमतीचे आहे. ८५ केल्विनच्या वर त्याचा गुणाकार थंड करताना वाढत जातो, म्हणजे शेजारी एकाच दिशेला वळू पाहत असतात. पाहणाऱ्याला वाटावे की आता लोहचुंबक होणार, आणि नेमके ८५ केल्विनला जाळी मोडते, रेणू जोड्या करतात आणि चुंबकत्व कोसळते.

स्फटिकार्थी

दोघांचेही आभार. पास्कलचे स्थिरांक घालून दुरुस्ती केली. ३०० केल्विनला गुणाकार ०.३६७ आणि १०० केल्विनला ०.३५६ मिळाला. साखळीचे प्रतिमान बसवले तेव्हा भेद ९.४ केल्विन आणि सदोष स्पिनांचे प्रमाण सव्वा टक्का आले. छिद्र पाडलेल्या कॅप्सूलची मोजणी पुढच्या फेरीत होईल.

एक नवी गोष्ट विचारतो. याच रेणूचा दुसरा एक साधित पदार्थ आहे, ज्याच्या नमुन्यात ३०० केल्विनलाच क्षेत्र कमी-जास्त करताना लहानसे हिस्टेरेसिसचे वेटोळे दिसते, म्हणजे क्षेत्र वाढवतानाचा आणि कमी करतानाचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत. तो खोलीच्या तापमानाचा सेंद्रिय लोहचुंबक असू शकतो का? मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी इथे विचारतो आहे.

संशयात्मा

प्रथम इथे विचारलेत हे उत्तम केलेत. माझे उत्तर: जवळजवळ नक्कीच नाही. कारण सांगतो.

धातू नसलेल्या, केवळ कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या पहिल्या लोहचुंबकाचा शोध १९९१ मध्ये लागला. तो पॅरा-नायट्रोफिनाइल नायट्रोनिल नायट्रॉक्साइडची बीटा प्रावस्था होता, म्हणजे आपल्याच कुळातला, आणि त्याचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते) ०.६ केल्विन होते. १९९३ मध्ये अॅडमँटेनचा सांगाडा असलेल्या एका द्विरॅडिकलने (दोन अयुग्मित इलेक्ट्रॉनांच्या रेणूने) ते १.४८ केल्विनवर नेले. लोखंडाचे क्यूरी तापमान १०४३ केल्विन आहे, हे शेजारी ठेवून पाहा. आपल्या स्फटिकात शेजाऱ्यांमधील भेद साडेनऊ केल्विनचा आहे आणि तोही विरुद्ध दिशेला वळवणारा. ३०० केल्विनची उष्मीय ऊर्जा त्याच्या तीस पट आहे. रेणूला जोडलेला एखादा गट बदलून ही दरी बुजत नाही.

गंधकाला प्रवेश दिला तर आकडे वाढतात. डायथायाडायाझोलिल कुळातील एका रॅडिकलची बीटा प्रावस्था ३६ केल्विनच्या खाली क्षीण लोहचुंबक होते, पण तिथेही मूळ मांडणी प्रतिलोहचुंबकीय असून स्पिन किंचित तिरके झाल्यामुळे थोडे चुंबकत्व उरते. फुलरीनच्या बाबतीत टीडीएई-सी६० (साठ कार्बन अणूंच्या सी६० या गोळ्याचा टीडीएई या सेंद्रिय रेणूसोबतचा क्षार) हा १९९१ मध्येच १६ केल्विनचा लोहचुंबक म्हणून प्रसिद्ध झाला, आणि तो ‘आण्विक’ यांच्या मुद्द्याला दुजोरा देतो: थंडीत वाढवलेले ताजे स्फटिक लोहचुंबक नसतात, काही काळ तापवून मुरू दिल्यावर होतात, कारण सी६० चे गोळे एकमेकांसमोर कोणत्या कोनात थांबतात यावर सारे अवलंबून असते. म्हणजे केवळ मोजणीच्या वेळचे नव्हे, तर नमुन्याने आधी भोगलेले तापमानही नोंदवहीत हवे.

परस्परक्रिया बलवान असली म्हणजे क्रम येतोच, असेही धरू नका. बीईडीटी-टीटीएफ या गंधकयुक्त सेंद्रिय रेणूच्या तांबे-सायनाइड असलेल्या एका क्षारात ती सुमारे २५० केल्विनएवढी आहे (तांबे तिथे अचुंबकीय रूपात आहे), पण रेणूजोड्या त्रिकोणी जाळीत बसल्यामुळे कुणी कुणाच्या विरुद्ध वळायचे याचा निकालच लागत नाही, आणि ३२ मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही त्यात चुंबकीय क्रम आढळला नाही.

आता आपल्या वेटोळ्याकडे. २००१ मध्ये दाबाखाली घडवलेल्या सी६० मध्ये ५०० केल्विनच्या आसपासचे चुंबकत्व सापडल्याचा लेख नेचरमध्ये आला होता. २००६ मध्ये बहुतेक लेखकांनी तो मागे घेतला, कारण नमुन्यांत लोखंडाची भेसळ निघाली आणि ते तापमान लोखंडाच्या कार्बाइडच्या, सिमेंटाइटच्या, क्यूरी तापमानाशी मिळतेजुळते होते. आपल्याकडे किती लोखंड पुरेल याचा हिशेब करू. २० मिलिग्रॅम नमुना १ टेस्ला क्षेत्रात ३०० केल्विनला सुमारे ०.०००८ इएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) एवढा समचुंबकीय संकेत देतो. लोखंडाचे संपृक्त चुंबकत्व प्रतिग्रॅम सुमारे २१८ इएमयू असल्यामुळे एक मायक्रोग्रॅम लोखंड ०.०००२ इएमयू देते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक कण आपल्या संपूर्ण नमुन्याच्या पाव हिश्श्याइतका बोलतो. तो येतो कुठून? पोलादी चमच्याने स्फटिक खरवडताना, पोलादी चिमट्याने कॅप्सूल धरताना, चुंबकी ढवळकांडीच्या झिजलेल्या आवरणातून.

निकाल तापमानच लावेल. हे वेटोळे ३०० केल्विनला आणि १० केल्विनला मोजा आणि उंची ताडून पाहा. लोखंड या पट्ट्यात आपल्या क्यूरी तापमानाच्या फार खाली असल्याने संपृक्त हिस्सा जेमतेम दोन-चार टक्क्यांनी बदलेल, तर रॅडिकलचा हिस्सा तीसेक पट फुगेल. दोघे असे वेगळे झाले, तर उत्तर मिळाले. त्याबरोबर दुसऱ्या तुकडीचा नमुना प्लास्टिकच्या चमच्याने भरून मोजा; खरे चुंबकत्व चमचा बदलल्याने जात नाही.

स्फटिकार्थी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. दुसऱ्या पदार्थाचे वेटोळे १० केल्विनलाही तेवढेच उंच निघाले आणि प्लास्टिकच्या चमच्याने भरलेल्या नमुन्यात ते दिसलेच नाही. चिमटा पोलादी होता.

मूळ स्फटिकाची छिद्र पाडलेल्या कॅप्सूलमधील मोजणी झाली. ५० केल्विनची टेकडी पूर्णपणे गेली. १०० केल्विनच्या संरचनेत साखळीच्या दिशेने दोन ऑक्सिजनमधील अंतर ३.७२ वरून ३.६१ अँगस्ट्रॉमवर आले आहे, तर त्याला लंब असलेल्या एका दिशेला बदल नगण्य आहे. या संरचनेवर भेद ७.८ केल्विन येतो. उरलेली तफावत १०० केल्विनच्या खालच्या आकुंचनाची आहे की गणनपद्धतीची, हे ठरवण्यासाठी ३० केल्विनपर्यंत जाणाऱ्या शीतकावर वेळ मागितली आहे, आणि २ केल्विनच्या खाली विशिष्ट उष्णता मोजून साखळ्यांमध्ये क्रम येतो का हेही पाहणार आहे. मार्गदर्शकांनी सुधारित अहवालातले प्रश्नचिन्ह ६ केल्विनवरून काढून या ७.८ च्या आकड्यावर लावले आहे.